बिल्डिंग ‘सी-वन’ आहे, मॅडम!

भाड्याचं घर बघायला गेल्यावर आपण काय काय बघतो? स्टेशन किती मिनिटांवर आहे, पाणी किती वाजता येतं, मोबाइलला रेंज आहे का, घरमालकाला नॉन-व्हेज चालतं का, आणि लेट नाइट आल्यावर समोरच्या काकू दार किलकिलं करून बघतात का. बस्स! मीही एवढंच बघितलं होतं. विलेपार्ले पूर्व, स्टेशनपासून चालत नऊ मिनिटं, तळमजला अधिक तीन मजले, त्यातल्या दुसऱ्या मजल्यावरचं वन-रूम-किचन. खिडकीत चक्क आंब्याचं झाड. आणि भाडं त्या एरियाच्या मानाने पाच हजारांनी कमी! एजंट म्हणाला, ‘‘मॅडम, ओनर बंगळुरूला असतो. त्याला पैशांचं पडलेलं नाही, फक्त फॅमिली टाइप माणूस पाहिजे.’’ मी ताबडतोब फॅमिली टाइप झाले आणि टोकन देऊन टाकलं.

पाच हजार कमी का, हा प्रश्न काही मला पडला नाही. पत्रकार म्हणवणाऱ्या मुलीला तो पडायला हवा होता, पण आंब्याच्या झाडापुढे पत्रकारिता गेली तेल लावत.

तीन आठवड्यांनी एका रविवारी फ्यूज उडाला म्हणून खाली मीटर रूममध्ये गेले. मोबाइलच्या टॉर्चमध्ये भिंतीवर सत्यनारायणाच्या पूजेचं निमंत्रण दिसलं, मागच्या वर्षीचं. एक कोपरा सुटला होता आणि त्याखालून दुसरा कागद डोकावत होता. पालिकेचा शिक्का, इमारतीचं नाव आणि ‘मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८, कलम ३५४’. त्याखालची ओळ मी तीनदा वाचली. सदर इमारत धोकादायक असून रिकामी करावी, अशा अर्थाची.

सत्यनारायणाने नोटीस झाकली होती! फ्यूज तसाच ठेवून मी एजंटला फोन लावला. त्याचं उत्तर ऐका : ‘‘हां, बिल्डिंग सी-वन आहे, मॅडम. पण टेन्शन नका घेऊ, दुसऱ्या रिपोर्टमध्ये सी-टू आहे.’’

जसं काही मी साडीचा रंग विचारत होते.

‘धोकादायक’ हा शब्द कोण ठरवतं?

पोपडे पडलेली, भिंतीतून पिंपळ उगवलेली बिल्डिंग दिसली की आपण म्हणतो, ‘बाप रे, काय डेंजर आहे!’ पण कायद्याच्या भाषेत इमारत अशी नुसती बघून डेंजर होत नाही. मुंबईत त्यासाठी हे कलम ३५४ आहे. पडायला आलेली, कोसळण्याची शक्यता असलेली, किंवा आत राहणाऱ्याला, तिथे येणाऱ्याला, नुसतं बाजूने जाणाऱ्यालाही धोका असलेली वास्तू असेल, तर आयुक्त लेखी नोटीस काढून ती पाडायला, आधार द्यायला किंवा दुरुस्त करायला सांगू शकतात. बाजूने जाणाऱ्याचा विचार १८८८ सालच्या कायद्याने केलाय, हे वाचून मला उगाचच भरून आलं. आपल्या एजंटने आत राहणारीचाही केला नव्हता.

प्रत्यक्षात हे काम वॉर्ड ऑफिसातलं इमारत व कारखाने खातं करतं. आणि मग येतात ते कोड, जे हल्ली मुंबईतल्या निम्म्या सोसायट्यांना पाठ आहेत. सी-वन म्हणजे राहण्यायोग्य नाही, तात्काळ रिकामी करा आणि पाडा. सी-टू-ए म्हणजे मोठी स्ट्रक्चरल दुरुस्ती हवी आणि त्यासाठी इमारत पूर्ण किंवा काही भाग रिकामा करावा लागेल. सी-टू-बी म्हणजे दुरुस्ती मोठीच, पण माणसं आत राहून होण्यासारखी. सी-थ्री म्हणजे किरकोळ डागडुजी. पावसाळ्याच्या तोंडावर पालिका अतिधोकादायक इमारतींची यादी काढते ती याच सी-वनवाल्यांची. शहर भागातल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ वेगळी यादी काढतं. तिथला मामला आणखी जुना आहे. मूळच्या १९,६४२ इमारती, त्यातही १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या ‘ए’ गटातल्या सर्वात जास्त. त्यावर लिहायला बसले तर हा अंक पुरायचा नाही.

बरं, नोटीस यायची वाट बघत बसायचं असंही नाही. इमारतीला ३० वर्षं झाली की पालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तपासणी करून घेणं मालकावर किंवा रहिवाशांवर बंधनकारक आहे. कलम ३५३-ब. नाही केली तर दंड आहे, २५ हजार रुपये किंवा वर्षभराच्या मालमत्ता कराइतकी रक्कम, जी जास्त असेल ती. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये तर १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर तीन वर्षांनी ऑडिट करा असं म्हटलंय. तुमच्या सोसायटीच्या एजीएममध्ये हा विषय निघतो का? की पार्किंग आणि कबुतरं यातच संध्याकाळ जाते?

आमच्या सोसायटीत निघाला होता. म्हणूनच तर लोच्या झाला.

दोन रिपोर्ट, एक स्लॅब

तिसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. बँकेतून निवृत्त, एकटेच, रोज सकाळी साडेसहाला जिन्यातला दिवा बंद करणारे. मी नोटिशीचा फोटो घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी आधी चहा टाकला आणि मग एक फाइल काढली. काय फाइल होती ती! पहिलं ऑडिट, दुसरं ऑडिट, पालिकेची पत्रं, त्यांची उत्तरं, सगळं तारीखवार टॅग लावून.

तर कथा अशी. सोसायटी सत्तरच्या दशकातली. काही सभासदांना रीडेव्हलपमेंट हवी, काहींना बिल्डरची ऑफर पटत नाही. पहिल्या गटाने ऑडिट करून घेतलं, रिपोर्ट आला सी-वन. दुसऱ्या गटाने वर्गणी काढून दुसरा इंजिनीअर आणला, त्याचा रिपोर्ट सी-टू-ए. तीच इमारत, तेच पिलर, दोन शिक्के. ‘‘अगं, डॉक्टरांचंसुद्धा सेकंड ओपिनियन घेतो ना आपण,’’ काका म्हणाले. मी म्हटलं, ‘‘काका, पण पहिला डॉक्टर ऑपरेशन सांगतोय आणि दुसरा काढा.’’ ते हसले नाहीत.

‘‘तुला वाटतं मला कळत नाही?’’ ते म्हणाले. ‘‘सी-वन झालं की लाइट-पाणी तोडतात. पोलीस आणतात. बाहेर पडलो की परत येईन की नाही कोण सांगणार? या लोकांचा बिल्डर पळाला तर? माझं वय बहात्तर. मी कुठे ट्रान्झिटमध्ये जाऊ?’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. घाटकोपरपासून गिरगावपर्यंत असे काका मजल्यामजल्यावर बसलेत. ते अडाणी नाहीत, हट्टीही नाहीत. त्यांच्यापुढे दोन धोके आहेत, एक स्लॅबचा आणि एक बेघर होण्याचा. त्यातला दुसरा त्यांनी आजूबाजूला जास्त वेळा खरा होताना पाहिलाय.

पण पहिलाही खरा होतो. २०२२ च्या २७ जूनच्या रात्री कुर्ला पूर्वेला नाईक नगर सोसायटीतली चार मजली इमारत कोसळली आणि १९ माणसं गेली. पालिकेच्या नोटिशी २०१३ पासून होत्या. इमारत सी-वन ठरलेली होती. मग रहिवाशांच्या बाजूने दुसरं ऑडिट आलं आणि ती दुरुस्तीच्या, म्हणजे सी-टूच्या गटात सरकली. कागदावर एक आकडा बदलला. आत राहणाऱ्यांमध्ये बाहेरगावाहून आलेले, भाड्याने खोली घेतलेले मजूर मोठ्या संख्येने होते. ही बातमी मी तेव्हा वाचली होती. बातमीतल्या ‘भाड्याने’ या शब्दावर मात्र तेव्हा माझी नजर थांबली नव्हती.

दोन ऑडिट एकमेकांविरुद्ध असतील तर काय करायचं याचीही सोय आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१४ मध्ये अशा इमारतींबाबत मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. रिपोर्टांत तफावत असेल तर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. तिला सगळे ‘टॅक’ म्हणतात. आमचं प्रकरण ‘टॅक’कडे होतं. म्हणजे निकाल येईपर्यंत आम्ही ना सी-वन, ना सी-टू. त्रिशंकू!

मामांची हातोडी

माझ्या मैत्रिणीचे मामा स्ट्रक्चरल इंजिनीअर आहेत. पुण्याला असतात, पण कामासाठी मुंबईत येऊन-जाऊन. एका शनिवारी त्यांना म्हटलं, मामा, एकदा नजर टाका ना. ते आले ते थेट घरात नाहीतच. आधी तळमजल्यावर गेले.

तिथे पूर्वी दोन फ्लॅट होते, आता एक बुटीक आणि एक झेरॉक्सवाला. मामा बुटीकमध्ये शिरले आणि कुर्त्यांच्या रॅकमागे गायब झाले. दहा मिनिटांनी बाहेर आले. ‘‘पिलर आहेत जागेवर,’’ म्हणाले. ‘‘मी पहिल्यांदा हेच बघतो. वरच्या मजल्यावर भेगा मोजत बसायचं आणि खाली कोणी पिलरच तासून ठेवलेला असायचा.’’

त्यांना काय म्हणायचंय ते कळलं. २५ जुलै २०१७, घाटकोपरची साईदर्शन. तळमजल्यावर नर्सिंग होमच्या जागेत तोडफोड करून नूतनीकरण चालू होतं. चार मजली इमारत खाली आली, १७ जण गेले. त्याआधी दहा वर्षं, जुलै २००७ मध्ये बोरिवलीची लक्ष्मीछाया. तिथेही तळमजल्यावरच्या दुकानाचं काम चालू होतं. आणि २७ सप्टेंबर २०१३ ला डॉकयार्ड रोडजवळ पालिकेच्याच कर्मचाऱ्यांची बाबू गेनू मंडईची इमारत पडली, ६१ बळी. तिथे तळमजल्यावरच्या गोदामातल्या फेरफारांकडे बोट दाखवलं गेलं. यातली एकही इमारत शंभरीची नव्हती. ‘जुनी म्हणजे धोकादायक आणि नवी म्हणजे सेफ’ हा फंडा डोक्यातून काढून टाका. शिळफाट्याची लकी कम्पाउंड इमारत ४ एप्रिल २०१३ ला कोसळली तेव्हा वर बांधकाम चालूच होतं आणि खालच्या मजल्यांवर माणसं राहायला आलेली होती. बेकायदा. ७४ जण दगावले.

मग मामा वर आले. माझ्या किचनच्या छताला एक तपकिरी डाग होता आणि त्याच्या मधोमध एक लांबट भेग. मला ती आधी दिसलीच नव्हती, कारण घर बघताना मी ओट्याच्या टाइल्स बघत होते. मामांनी खिशातून छोटी हातोडी काढून भोवती टकटक केलं. एके ठिकाणी आवाज बदलला. भरल्या माठावर आणि रिकाम्या माठावर टिचकी मारल्यावर जसा बदलतो, तसा.

‘‘पोकळ,’’ मामा म्हणाले. ‘‘वरच्या घरातली मोरी गळतेय. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असतं, त्यामुळे आतली सळई गंजत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरतो आणि तो गुण जातो. त्यात हे पाणी आणि ही समुद्राची खारी हवा. सळई गंजली की फुगते, मूळ आकाराच्या कित्येक पट. फुगली की काँक्रीट फोडून बाहेर येते. तू भेग बघतेस ती स्लॅबची, पण दुखणं सळईचं आहे.’’

मग नेमकं ऑडिटमध्ये काय करतात? मला वाटायचं इंजिनीअर येतो, फोटो काढतो आणि बिल पाठवतो. (असेही असतात म्हणे!) खऱ्या ऑडिटमध्ये मात्र बऱ्याच चाचण्या असतात. रिबाउंड हॅमर म्हणजे स्प्रिंगची हातोडी, ती किती उसळते त्यावरून पृष्ठभागाचा कणखरपणा कळतो. अल्ट्रासॉनिक चाचणीत काँक्रीटमधून ध्वनिलहर सोडतात. ती सेकंदाला साडेतीन किलोमीटरहून वेगाने गेली तर माल चांगला, तीनच्या खाली आली तर शंका. हाफ-सेल चाचणीत सळईचा विद्युतदाब मोजून गंज चालू असण्याची शक्यता किती आहे याचा अंदाज घेतात. काही ठिकाणी काँक्रीटचा गोल तुकडा कापून काढतात आणि प्रयोगशाळेत दाबून फोडतात. माझी फेव्हरिट मात्र फिनॉल्फ्थॅलीनची. आठवतंय ना, दहावीच्या प्रॅक्टिकलमधलं? ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर ते फवारलं की निरोगी भाग गुलाबी होतो. मुरलेला भाग तसाच फिकट राहतो. तो फिकट थर सळईपर्यंत पोचला की समजायचं, सळईचं संरक्षण गेलं.

‘‘मग मामा, सी-वन की सी-टू?’’

‘‘हातोडीवर सांगू? मी ज्योतिषी आहे का?’’ मामा वैतागले. मग म्हणाले, ‘‘दोन्ही रिपोर्टांतली चाचण्यांची पानं वाच. शेवटचं पान वाचू नकोस.’’

काकांची फाइल मी पुन्हा मागून आणली. सी-वनवाल्या रिपोर्टला चाचण्यांच्या तक्त्यांची जाडजूड पुरवणी होती. सी-टू-एवाल्या रिपोर्टमध्ये फोटो होते. भरपूर फोटो, आणि चाचण्यांचं एक पान. मी हे काकांना सांगितलं नाही. त्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही.

आपण कोण? लायसन्सी!

आता मूळ मुद्दा. या सगळ्यात मी कुठे होते?

इमारत रिकामी करून पाडली तरी जुन्या भाडेकरूंचे आणि मालकांचे हक्क त्यामुळे संपत नाहीत. कलम ३५४ च्या कारवाईने त्यांचे आपसातले हक्क बुडत नाहीत, पुन्हा जागा मिळण्याचा हक्कही शाबूत राहतो. त्यासाठीच पाडण्याआधी कोणाकडे किती चटई क्षेत्र आहे ते मोजून नोंदवतात. काकांची भीती अगदी खोटी नाही, पण कागदावर तरी त्यांचं नाव आणि त्यांचे चौरस फूट राहतात.

माझं नाव कुठेच राहत नाही. आपण जे ११ महिन्यांचं ‘अ‍ॅग्रीमेंट’ म्हणतो ते लीव्ह अँड लायसन्स. आपण भाडेकरू नसतो, लायसन्सी असतो, म्हणजे परवानगीने राहणारे. सोसायटीच्या मीटिंगला आपल्याला बोलवत नाहीत, ऑडिट रिपोर्ट दाखवत नाहीत, नोटीस घरमालकाच्या नावे येते आणि घरमालक बंगळुरूला असतो. रीडेव्हलपमेंट झाली तर नवा फ्लॅट त्याला, तोवरचं भाडंही त्याला. यात चूक काहीच नाही, घर त्याचंच आहे. पण रात्री त्या स्लॅबखाली झोपत होते मी!

घरमालकाला फोन केला. सज्जन आवाज. ‘‘अहो, हे सी-वन वगैरे बिल्डर लोकांचे खेळ असतात. तुम्ही निश्चिंत राहा.’’ मी म्हटलं, सर, मग तुम्ही मला आधी सांगितलं का नाही? ‘‘तुम्ही विचारलं नाहीत.’’ यावर तुम्ही काय बोलणार? मी डिपॉझिट परत मागितलं. ते म्हणाले, अ‍ॅग्रीमेंटमध्ये सहा महिन्यांचा लॉक-इन आहे.

आणि आता खरं सांगते. मी लगेच निघाले का? नाही. डिपॉझिट अडकलेलं, हातात दोन असाइनमेंट, पुन्हा घर शोधायचं म्हणजे पुन्हा ब्रोकरेज. मी बेड सरकवून दुसऱ्या भिंतीला लावला, किचनमधला स्टूल भेगेखालून हलवला आणि राहिले. रोज रात्री झोपताना पाच मिनिटं भीती वाटायची, मग सवय झाली. काकांना नावं ठेवायला मी कोण? त्यांच्या फाइलमध्ये निदान तारखा तरी होत्या.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागून राहिला होता. पहाटे कधीतरी किचनमध्ये धप्प असा आवाज आला. उठून लाइट लावला तर ओट्यावर ताटाएवढा काँक्रीटचा तुकडा, गॅसची शेगडी वाकडी, आणि वर छतात दोन सळया. सळया कसल्या, गंजाचे पापुद्रे. कोणाला काही लागलं नाही, कारण पहाटे कोणी पोळ्या करत नाही. मी तेवढ्या पहाटे काकांचं दार वाजवलं. ते लुंगीवर खाली आले, छताकडे बघितलं आणि काही न बोलता केरसुणी शोधू लागले.

सकाळी मी तो फोटो घरमालकाला पाठवला. संध्याकाळपर्यंत डिपॉझिट जमा. एक महिन्याचं भाडं कापून.

नवी कोरी, पण...

माझं हे रामायण ऐकून एक मैत्रीण म्हणाली, ‘‘म्हणून मी टॉवरमध्येच राहते. चकाचक. नो लफडा.’’ सव्विसावा मजला, क्लब हाउस, सगळं. मी सहज विचारलं, ओसी आहे का? ती म्हणाली, ‘‘काय असतं ते?’’

ओसी म्हणजे ऑक्युपेशन सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली, अग्निशमन, लिफ्ट, मलनिस्सारण वगैरे बाबी पूर्ण झाल्या आणि माणसांनी आत राहायला हरकत नाही, हे सांगणारा कागद. तो नसेल तर इमारत कितीही ठणठणीत असो, कायद्याच्या दृष्टीने ती राहण्यासाठी तयारच नाही. सी-वन म्हणजे आता इथे राहू नका. ओसी नाही म्हणजे अजून इथे राहू नका. दोन वेगळी दुखणी, पण त्यात राहणाऱ्यांची विकेट सारखीच जाते.

वरळीच्या कॅम्पा कोला कम्पाउंडची गोष्ट जुनी, पण विसरण्यासारखी नाही. परवानगी पाच मजल्यांची, एक इमारत तर वीस मजल्यांवर गेलेली. घरं घेणारे तीसेक वर्षं राहिले, मुलं मोठी झाली, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले बेकायदाच असल्याचं सांगितलं. जून २०१४ मध्ये पालिकेने बेकायदा घरांचे वीज, पाणी, गॅस तोडले. आणि ताजी हवी असेल तर २०२५ मधली ताडदेवची. ३४ मजली टॉवर, १७ व्या मजल्यापासून वर ओसी नाही आणि इमारतीला अग्निशमन दलाची एनओसी नाही. उच्च न्यायालयाने १७ ते ३४ मजले रिकामे करायला सांगितले, सर्वोच्च न्यायालयानेही रहिवाशांना दिलासा दिला नाही. त्या घरांत राहणारे काही गरीब-बापुडे नव्हते. तिथल्या स्लॅबमधून काही पडलंही नव्हतं. पण सतराव्या मजल्याच्या वर आग लागली तर काय, या प्रश्नाला कागदावर उत्तर नव्हतं.

मैत्रिणीने त्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर ओसीचं विचारलं. दोन तासांत अठ्ठावन्न मेसेज आले आणि त्यात ओसी नव्हतं. एकाने म्हणे पाण्याचं बिल टाकलं. ओसी नसलेल्या इमारतीला पालिका पाणीपट्टी चढ्या दराने लावते, ते कित्येक महिने भरत होते आणि कोणी का म्हणून विचारलं नव्हतं. पाच हजार कमी भाडं काय आणि जास्त पाणीपट्टी काय! आपण बिलाचा आकडा बघतो आणि जीपे करून मोकळे होतो.

टेपचं दुसरं टोक

‘टॅक’चा निकाल सप्टेंबरात आला. सी-वन. मी तोवर जोगेश्वरीला एका मैत्रिणीच्या हॉलमध्ये पथारी टाकून होते. काकांनीच फोन करून सांगितलं. पालिकेची माणसं चटई क्षेत्र मोजायला येणार आहेत, येतेस का म्हणाले. गेले.

जिन्यात लोखंडी टेकू लावले होते, त्यामुळे दोघांना एका वेळी चढता येत नव्हतं. ज्युनियर इंजिनीअर माझ्याच वयाचा होता. तो टेप ओढायचा आणि काका दुसरं टोक भिंतीला दाबून धरायचे. आधी बाहेरची खोली, मग स्वयंपाकघर, मग बाल्कनी. बाल्कनीशी वाद झाला, ती धरायची की नाही यावर. काकांनी फाइल काढली. मूळ नकाशाची प्रत होती त्यात. ज्युनियर इंजिनीअरने नकाशा बघितला, काकांकडे बघितलं आणि नकाशाप्रमाणे नोंद केली. काकांनी यादीवर सही करण्याआधी चष्मा पुसला आणि आकडा दोनदा वाचला. मग मला म्हणाले, ‘‘तू पण वाच एकदा. तुझी नजर तरुण आहे.’’

ते आता गोरेगावला भाचीकडे आहेत. बिल्डर बदललाय. भाड्याचे चेक सुरू झालेत, पहिले दोन वेळेवर आले.

मी अजून घर शोधतेय. परवा अंधेरीला एक बघितलं, छान आहे. तळमजल्यावरच्या सलूनमध्ये जाऊन आधी पिलर बघून आले, सलूनवाल्याला वाटलं मी बाईंना हेअर स्पाचं विचारायला आले. मग वर जाऊन छत बघितलं, मोरीखालची भिंत हाताने चाचपली. आणि एजंटला म्हटलं, ओसीची कॉपी आणि शेवटचा ऑडिट रिपोर्ट दाखवा, इमारत पस्तीस वर्षांची आहे ना?

तो माझ्याकडे बघतच राहिला.

‘‘मॅडम,’’ तो म्हणाला, ‘‘घर भाड्याने घेताय की विकत?’’